फाट्यावर बाळीला विचारायचं

मी ‘हो’ म्हणालो. एकच अक्षर. जानेवारीतली संध्याकाळ होती. वाशिंद स्टेशनसमोरच्या डेअरीतून दुधाच्या पिशव्या घेऊन मी घरी चाललो होतो आणि बाळी, माझी कुत्री, नेहमीसारखी डाव्या पायाला चिकटून चालत होती. मागून एक मोटरसायकल आली, पुढे गेली, थांबली, वळून परत आली. चालवणाऱ्यानं तोंडावरचा रुमाल खाली ओढला. मी त्याला ओळखलं आणि त्याच क्षणी न ओळखल्याचं सोंग घ्यायचं ठरवलं. पण बाळीनं ते चालू दिलं नाही. तिनं त्याच्या पँटचा वास घेतला आणि कुईकुई करत त्याच्या गुडघ्यांवर चढायलाच लागली. “शामभाऊ, वळखला का नाय? मी जैतू. हिरड्याच्या वाडीचा. बाईजाचा जैतू.” ओळखला रे बाबा, ओळखला. चार वर्षं ज्याच्या वाडीचा रस्ता मी चुकवतोय, ज्याच्या आईला तोंड दाखवायचं टाळतोय, तोच नेमका माझ्या दुधाच्या वाटेवर उभा! पडघ्याच्या एका गोदामात तो हल्ली माल उतरवायला येतो म्हणे. त्यानं बाळीकडे नीट पाहिलं, तिच्या लोंबत्या पोटाकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा एकदम उजळला. “गाभन हाये ना ही?” सहा वर्षांची कुत्री, दोन वेळ दूधभात आणि वर माझ्या बायकोच्या हातची चपाती खाऊन सुटलेली. पोट म्हणजे निव्वळ चरबी. तिला पिल्लं होणार नव्हती, कधीच होणार नव्हती, आणि हे मला, माझ्या बायकोला आणि कल्याणच्या एका डॉक्टरला सोडून कोणाला ठाऊक नव्हतं. मी म्हणालो, हो. “आय रोज इचारते,” जैतू म्हणाला, “शामदादा पिल्लू कवा आनतोय. आता सांगतो तिला. शिमग्यापरेंत आना.” किक मारली आणि गेला.

त्या रात्री जेवताना मी चंद्रकलेला, म्हणजे बायकोला, सांगितलं. तिनं हातातला घास खाली ठेवला. “अहो, पण का?” का ते मला सांगता आलं असतं तर आणखी काय हवं होतं. मी सव्वीस वर्षं फिटर आहे. मशीन बंद पडलं की का पडलं ते मी कान लावून सांगतो, आणि स्वतःचं तोंड का चाललं ते मला सांगता येईना. एवढं मात्र खरं की तो ‘हो’ म्हणताना अर्धा क्षण मला बरं वाटलं होतं. अर्धा क्षण बाळी खरोखर गाभण होती, माझी लेक सोनाली घरी होती, आमची फिरायची व्हॅन भरून खाली उभी होती, आणि आम्ही शिमग्याला पिल्लू घेऊन बाईजाकडे जाणार होतो.

ती व्हॅन मी भंगारवाल्याकडून उचलली तेव्हा ती कुठल्यातरी शाळेची होती. वरून हिरवा रंग मारला तरी दारांच्या कडांना जुना पिवळा अजून दिसतो. मागच्या सीटा काढल्या, बिजागऱ्यांवर उघडणारा प्लायचा पलंग केला, पलंगाखाली शेगडी, कुकर, पाण्याचे कॅन, आणि पाठीमागे दोन सायकली अडकवायला अँगलचं कॅरियर. चंद्रकला तिला ‘फिरतं खुराडं’ म्हणायची. एकदाच बसली त्यात, शहापूरपर्यंत, उतरल्यावर म्हणाली, “तुम्हा बापलेकीला लखलाभ. माझं घर वाशिंदला आहे आणि त्याला चाकं नाहीत.” तर बापलेक. सोनाली तेव्हा चौदाची. शनिवारी मी पहिली पाळी करून आलो की ती दारात हेल्मेट घालून उभी असायची. “बाबा, चल.” कुठे ते नाही. मी डबा मोरीत टाकायचो, ती तांदूळ-डाळ पिशवीत भरायची, आणि अर्ध्या तासात आम्ही हायवेला. तानसाच्या तलावाजवळ व्हॅन लावून जंगलातल्या रस्त्यानं सायकली हाणायच्या, सागाचा पाचोळा चाकाखाली करकर वाजायचा आणि ती पुढून ओरडायची, “बाबा, म्हातारा झालास!” माहुलीच्या गडावर पहिल्यांदा गेलो तेव्हा अर्ध्या वाटेत माझा दम निघाला. तोवर मी आयुष्यात कंपनीतली शिडी सोडून काही चढलो नव्हतो. ती एका दगडावर बसून वाट बघत राहिली आणि मी आल्यावर बाटलीतला शेवटचा घोट माझ्यासाठी ठेवला होता तो दिला. लोक विचारायचे, एवढं पेट्रोल जाळून मिळतं काय? मी म्हणायचो, काही नाही, उगाच आपलं. खरं म्हणजे आपल्याला कोणीतरी ‘चल’ म्हणतंय, याच्यापुढे माणसाला आणखी काय मिळायचं असतं?

हिरड्याची वाडी आम्हाला अशीच सापडली. तिची दहावी झाली त्या दिवाळीत धसईच्या पुढे रस्ता संपेपर्यंत गेलो, आणि संपला तिथे एका आंब्याखाली बाईजाचं घर होतं. कुडाच्या भिंती, सारवलेलं अंगण, ओट्यावर वालाच्या शेंगा वाळत घातलेल्या, आणि मागे सह्याद्रीचा कडा, मान मोडेपर्यंत वर. बाईजानं आम्ही कोण, कुठले, काही विचारलं नाही. “बसा,” म्हणाली आणि कोरा चहा दिला. जैतूची पोर रविना सोनालीच्याच वयाची; तासाभरात दोघी ओढ्यावर पसार. संध्याकाळी परत आल्या त्या हातात पिल्लू घेऊनच. बाईजाच्या कुत्रीला पाच झाली होती, त्यातलं हे, कानाला पांढरा ठिपका असलेलं. रविनानं त्या ठिपक्यावरून आधीच नाव ठेवलं होतं, बाळी. सोनालीनं माझ्याकडे पाहिलं. ते बघणं मला माहीत होतं. मी खिशात हात घातला, तशी बाईजा कडाडली. “पैशे काढतोस? कुत्रा काय इकायचा असतो? अर्धेलीनं ने.” अर्धेल म्हणजे काय ते तिनंच सांगितलं. तिकडे शेळी अशी देतात. शेळी एकाची, पाळायची दुसऱ्यानं, आणि करडं झाली की निम्मी ह्याची, निम्मी त्याची. कुत्रीचं तसंच, फक्त निम्मी नकोत. पहिल्या वेतातली एक मादी परत आणून द्यायची, बस्स. “आमच्या दारची येल हाये ही,” ती म्हणाली. सासूनं आपल्या माहेराहून आणलेल्या कुत्रीपासून ह्या घरात आईमागून लेक अशी हीच जात चालत आलेली. बिबट्या आला की दुसरी कुत्री खाटेखाली शिरतात, ही समोर उभी राहून भुंकतात. “ह्यांच्या भरोशावर मी शेतावर माल्यात एकली निजते.” सोनालीनं आपला हात तिच्या हातावर ठेवला आणि अगदी गंभीरपणे म्हणाली, “पहिल्या वेताची मादी तुमची. मी स्वतः आणून देईन.” पंधरा वर्षांची पोर! मला हसू आलं होतं. बाईजाला आलं नव्हतं.

मग आम्ही तिघं झालो, आणि सोनालीनं एक कायदा केला. आपण दोघांनी काही ठरवायचंच नाही. फाटा आला की बाळीला विचारायचं. मागच्या दोन्ही काचा उघड्या ठेवायच्या, आणि ज्या बाजूनं बाळी तोंड बाहेर काढील तिकडे वळायचं. असे आम्ही कुठल्या कुठे गेलो. एकदा तर एका वीटभट्टीत जाऊन पोचलो, तिथे म्हणे कोणीतरी सुकट भाजत होतं. किन्हवलीवरून येताना सरळगावला फाटा लागतो. डावीकडे माळशेजचा हायवे, उजवीकडून धसईचा रस्ता. तिथे मात्र बाळीनं कधी चूक केली नाही. दरवेळी उजवी काच, कान मागे, नाक पुढे, आपल्या घराकडे. वर्षातून चार-पाच वेळा तरी आम्ही वाडीला जायचो. मार्चमध्ये भाताच्या रोपांसाठी राब भाजलेले असायचे, त्या जळक्या मातीचा वास अंगणापर्यंत यायचा, बाईजा नाचणीची भाकर हातावर ठेवायची आणि पहिलं विचारायची, “झाली का?” म्हणजे पिल्लं. एकदा सोनालीची बारावी होती म्हणून माजाच्या दिवसांत आम्ही बाळीला कोंडून ठेवलं होतं, एकदा पावसात बाळीला ताप होता. “व्हतील,” बाईजा म्हणायची. त्याच दरम्यान बाळीच्या आईला बिबट्यानं नेलं. उरलेल्या चार पिल्लांतली दोन लहानपणीच गेली होती, एकाला साप चावला, एक कोणी जव्हारकडे नेलं त्याचा पत्ता नाही. ती वेल आता वाशिंदला, तिसऱ्या मजल्यावर, आमच्या सोफ्यावर झोपत होती.

आणि सोनाली गेली. इंजिनिअरिंगला पुण्याला, आणि आता नोकरीला बंगळूरला. मुली जातात, त्यात काय? सगळ्यांच्या जातात. मी स्वतः तिची ट्रंक उचलून गाडीत ठेवली, लोकांना पेढे वाटले. ऑगस्टमधला तो पहिला शनिवार मला आठवतो. पहिली पाळी करून घरी आलो तर हेल्मेट खुंटीला आणि त्याच्याखाली बाळी बसलेली, दाराकडे तोंड करून. मी तिच्यावर ओरडलो. काय केलं होतं बिचारीनं? नंतर सोनालीचा फोन आला, तिथल्या पोरांबरोबर ती सिंहगडला जाऊन आली होती, धावत चढली म्हणे. मी ‘अरे वा’ म्हणालो. कोणीतरी तिला ‘चल’ म्हणालं होतं, किंवा तिनं कोणाला. त्याच महिन्यात बाळीला माज आला. सोसायटीच्या गेटवर सात-आठ कुत्रे गोळा झाले, सेक्रेटरीनं नोटीस लावली, डॉक्टर म्हणाले ऑपरेशन करून टाका, तब्येतीलाही चांगलं. ही सगळी कारणं खरी आहेत. चार वर्षं मी ती स्वतःला ऐकवत आलोय आणि एकही मला पटलेलं नाही. खरं ते एवढंच की मला राग आला होता. माझ्या हातातलं सगळं निघून चाललं होतं, आणि जे हातात उरलं होतं त्यातून आणखी काही जन्मून आणखी कुठे जाऊ नये असं मला वाटलं. चंद्रकलेनं विचारलं होतं, “सोनालीशी बोललात? त्या बाईजाला शब्द दिलाय तिनं.” मी म्हणालो, “तिला काय विचारायचं? ती गेली.” आणि कल्याणला जाऊन फॉर्मवर सही केली. दहा दिवस बाळी गळ्यात ते प्लास्टिकचं नरसाळं घालून घरभर दारांवर आपटत फिरत होती. सोनाली फोनवर विचारायची, पिल्लं? मी म्हणायचो, राहत नाही बहुतेक तिला. ती म्हणायची, बिचारी. त्यावर मी विषय बदलायचो.

व्हॅन काही मी सोडली नाही. कोणी ‘चल’ म्हणणारं नाही तर नाही. आपण आपलंच उठायचं. पण सरळगावच्या फाट्याला मी एक लबाडी शिकलो. मागची उजवी काच आधीच लावून टाकायची. मग बाळी त्या काचेला नाक लावून बघायची, काचेवर ओला ठिपका उमटायचा, आणि शेवटी नाइलाजानं ती डावीकडून तोंड बाहेर काढायची. बघा, बाळी म्हणते माळशेज! असं मी मोठ्यानं म्हणायचो सुद्धा, रिकाम्या गाडीत. मग माळशेजच्या अलीकडे कुठेतरी थांबायचं, एकट्यानंच सायकल काढून दोन चढ चढायचे, शेगडीवर चहा करायचा, अर्धी बिस्किटं बाळीला, आणि परत. डोंगर तोच, कडाही तोच, फक्त बाजू दुसरी. मला त्या ओट्यावर जाऊन बसायचं होतं. वालाच्या शेंगा, कोरा चहा, राबाचा वास, आणि बाईजाचं ते ‘बसा’. आयुष्यात मला कोणी काही न विचारता ‘बसा’ म्हणालं असेल तर ते तिथंच. आणि तिथं जायची वाट मीच कापून टाकली होती, डॉक्टरच्या टेबलावर.

तर शिमगा जवळ आला. मी काय केलं असेल? खोट्याला खोट्याचाच टेकू. स्टेशनरोडच्या टायरवाल्याच्या फळीखाली एक गावठी कुत्री व्याली होती. त्यातली एक मादी, बाळीसारखीच तांबूस, मी उचलून आणली. कानावर ठिपका नव्हता, मी चंद्रकलेला म्हटलंसुद्धा, “ठिपका काय, दरवेळी उतरतोच असं नाही.” ती कपाळावर हात मारून म्हणाली, “ज्या बाईनं जन्मभर कुत्री वाढवली तिला तुम्ही फसवणार? अहो, खरं जाऊन सांगा ना. जीभ काय भाड्यानं आणायचीय?” मी तिच्यावर उखडलो, तुला काय कळतंय वगैरे. पण रात्री पिल्लू खोक्यात रडत होतं आणि बाळी उठून खोक्याशेजारी जाऊन झोपली. तिनं त्याला चाटलं नाही की हुसकलं नाही. त्या दोघींकडे बघवेना म्हणून मी कूस बदलली.

शनिवारी पहिली पाळी झाली आणि मी निघालो. हेल्मेट खुंटीला होतं ते का कोण जाणे काढून पुढच्या सीटवर ठेवलं. शहापूर, किन्हवली, शेतं रिकामी, बांधांवर पळस फुललेले, मध्येच कुठेतरी राब धुमसत होते. खोक्यातलं पिल्लू ओकलं, ते पुसायला थांबलो. सरळगावचा फाटा आला आणि माझा हात सवयीनं उजव्या काचेकडे गेला. मी गाडी कडेला घेतली. किती वेळ बसलो असेन? एक एसटी गेली, दोन टेम्पो गेले. मनात म्हटलं, आज जर तू डावीकडून तोंड काढलंस बाळी, तर देवाशपथ मी परत जातो. दोन्ही काचा पूर्ण उघडल्या. बाळी उठली. उजव्या काचेशी गेली, पुढचे पाय कडेवर ठेवले, मान बाहेर काढली आणि डोळे मिटून वास घेऊ लागली. चार वर्षांत तिनं नाद सोडला नव्हता. मी गिअर टाकला.

वाडीत बाळी गाडी पुरती थांबायच्या आतच उतरली आणि बाईजाच्या पायांत लोळली. बाईजा आणखी वाळली होती, एका डोळ्यावर फूल पडलेलं. “आलास रं शामदादा. वाट बघून डोला गेला माजा.” मग माझ्या मागे बघून, “पोर नाय आली?” म्हटलं, बंगळूरला असते. “लांब हाये?” लांब आहे, म्हटलं. “रविनाबी गेली. टोकावड्याला दिली. पोर झाली तिला.” ती ओट्यावर टेकली. “बस.” जैतू खोकं उघडून हसत होता, शेजारची दोन-चार माणसं जमली होती, “आना आना, बाईजाचा पिल्लू आला!” मला त्या सगळ्यांतून पळून जावंसं वाटलं. बाईजानं पिल्लाकडे पाहिलंच नाही. तिनं बाळीला जवळ ओढलं, उताणं केलं, आणि तिचा हात हळूहळू पोटावरून खाली सरकत गेला. सडांवरून. मग मध्यभागी. बोट एका जागी थांबलं, पुढे गेलं, पुन्हा मागे आलं. “जैतू,” ती म्हणाली, “पान्याचा हंडा आन.” “भरलाय आय.” “जा सांगते ना. आनि ह्यांनाबी ने.” माणसं पांगली.

“हिचा कापलाय,” ती म्हणाली. मी म्हणालो, “हो.” तेच अक्षर. “कदी?” “चार वर्षं झाली. सोनाली गेली तेव्हा.” “आनि ह्यो पिल्लू?” “वाशिंदचं आहे. टायरच्या दुकानाखालचं.” ती हसली. तिनं शिव्या द्याव्यात, रडावं, कशाचीही माझी तयारी होती, हसण्याची नव्हती. “टायरच्या दुकानाचा,” ती पुन्हा म्हणाली आणि हसणं थांबलं. बाळीच्या पोटावरचा हात तिनं काढला नव्हता. “माजाबी कापला,” ती म्हणाली. “जैतू पळाया लागला व्हता आनि त्याच्या पाठची पोर पदराखाली व्हती तवा. आपरेशनची गाडी आली, बायका भरून नेल्या. सगल्यांच्या घरधन्यांनी आंगठं दिलं, आमच्यानीबी दिला. मंग पुढल्या पावसाला पोर गेली, हगवनीनं. आता परत कुठून आनू? मला तवा कोनी इचारला नाय.” तिनं चांगला डोळा माझ्यावर रोखला. “तू हिला इचारलास?”

नोटीस, सेक्रेटरी, डॉक्टर, तब्येत? फाट्याफाट्यावर आम्ही जिला विचारायचो, कुठे वळायचं, कुठे थांबायचं, ती बाळी तिथं उताणी पडून बाईजाचा हात चाटत होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू. “नाही विचारलं,” मी म्हणालो. “राग आला होता. पोरीचा राग आला होता आणि हिच्यावर काढला.” बाईजानं बाळीला उठवून बसवलं. मागे कड्यावर ऊन चढत चाललं होतं. “येल गेली,” ती शेवटी म्हणाली. “ती गेली. आता तू रडून काय व्हनार? चा पी.” तिनं खोक्यातून पिल्लू काढून मांडीवर घेतलं, त्याचे कान, पंजे बघितले, तोंड उघडून टाळू बघितली. “ह्याला ठेवते. ह्याचा काय गुना? पन आमच्या येलीचा म्हनून नाय.” आणि मग, चहाचा कप मला देताना, “पोरीला ठाव हाये?” मी मानेनंच नाही म्हटलं. “बोल तिनी दिलता, तू नाय. तिला सांग.”

निघताना बाळी दिसेना. आत चुलीपाशी, जिथं ती जन्मली त्या कोपऱ्यात, अंगाचं मुटकुळं करून ती झोपली होती. दरवेळी मी ‘चल’ म्हणतो आणि ती उठते. पण आज मी ‘चल’ म्हणणार नव्हतो. मी व्हॅनचं मागचं दार उघडलं आणि पुढे जाऊन बसलो. म्हटलं, राहायचं असेल तर राहू दे. इथलीच आहे ती. ती राहिली असती तर माझ्या घरात काय उरलं असतं ते मला माहीत होतं: खुंटी, आणि खुंटीखालची फरशी. आरशात मागचं रिकामं दार दिसत होतं. बाईजा ओट्यावर बसून बघत होती, तिनंही हाक मारली नाही. किती तरी वेळानं नखांचा आवाज आला. बाळी आली, दाराशी थांबली, पुढचे दोन पाय फळीवर ठेवले आणि तशीच उभी राहिली. हल्ली तिला एकदम चढवत नाही, मागून उचलावं लागतं. “उचल की रं,” बाईजा ओट्यावरून म्हणाली. “आपल्या मनानं आलीय ती.” मी उतरून तिला उचललं. जड झाली होती. “मोहाची फुलं पडायच्या टायमाला ये,” बाईजा म्हणाली, “पोरीला घेऊन.”

सरळगावच्या फाट्याला मोबाइलला रेंज आली. गाडी कडेला घेतली, त्याच जागी, आणि विचार करायला वेळ मिळू नये म्हणून लगेच फोन लावला. “बाबा! आत्ता? कुठे आहेस?” तिच्यामागे कुठलीतरी मोठी वाहतूक वाजत होती. म्हटलं, सरळगावच्या फाट्यावर. ती एकदम लहान झाली. “एकटाच गेलास ना दुष्टा? मग, बाळीला विचारलंस?” तिला रस्ताच म्हणायचा होता, हेल्मेट घातलेल्या चौदा वर्षांच्या पोरीसारखं हसत विचारलं होतं तिनं. मी पुढच्या सीटवरचं हेल्मेट उगाच सरळ केलं. “आज विचारलं,” मी म्हणालो. “पण एकदा विचारलं नव्हतं. सोनाली, ऐक. बाळीला पिल्लं होणार नाहीत. तू पुण्याला गेलीस त्याच महिन्यात मी तिचं ऑपरेशन केलं. तिला विचारलं नाही, तुला विचारलं नाही, आणि बाईजाला दिलेला तुझा शब्द मी मोडला. तू गेलीस म्हणून राग आला होता गं मला. तू मला फार आठवतेस.” फोन कटला नव्हता. तिच्यामागची वाहतूक ऐकू येत होती, आणि मध्येच तिचा श्वास. बाळी मागून पुढे आली होती. तिनं आवाज ओळखला होता, आणि माझ्या खांद्यावर हनुवटी टेकून, फोनकडे बघत, ती शेपटी हलवत होती.